ग्रॅहम काउंटीची माणसं कागदांवर शोधताना

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात ग्रॅहम नावाची एक काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, आहे. 1910 साली तिथे 8,700 माणसं राहत होती, 2020 च्या जनगणनेत 2,415 उरली. हे दोन आकडे एकाखाली एक पाहिल्यापासून ती माणसं कोण होती, कुठून आली आणि कुठे गेली हा प्रश्न मनातून जाईना. ऑक्टोबर 2022 मध्ये शोध सुरू केला आणि 2024 च्या उन्हाळ्यात फाइल बांधून ठेवण्याइतपत काम झालं. मध्ये कितीदा तरी वाटलं की हे आपल्याच्याने होणार नाही. इतकी कार्यालयं, इतके क्रमांक, इतकी वेगवेगळी संकेतस्थळं. आपली बरीच मराठी मंडळी अमेरिकेतल्या लहान गावांत डॉक्टर, प्राध्यापक, इंजिनिअर म्हणून राहतात. त्यांच्यापैकी कोणाला आपल्या काउंटीचा असा माग काढावासा वाटला तर सुरुवात कुठून करायची ते कळावं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

या विषयाशी माझं नातं जुनं आहे. परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आणि 2011 च्या जनगणनेत प्रगणक म्हणून काम केलं. फेब्रुवारीच्या उन्हात घरोघर फिरून अर्ज भरले, ते तालुक्याला जमा केले, आणि पुढे ते कुणालाच दिसत नाहीत. 1948 च्या जनगणना कायद्याने ते गोपनीय असतात आणि तसेच राहतात. अमेरिकेत मात्र 72 वर्षं उलटली की प्रत्येक घराची नोंद नावांसकट सर्वांसाठी खुली होते. 1950 च्या नोंदी 1 एप्रिल 2022 रोजी खुल्या झाल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही हेज गावात राहतो. तिथून ग्रॅहम काउंटीचं मुख्य ठिकाण हिल सिटी गाडीने तासाभरावर आहे. प्रगणकाच्या हातचा भरलेला कागद इतक्या वर्षांनी कोणीही वाचू शकतं, हे मला स्वतः करून पाहायचं होतं.

पहिले काही आठवडे मी फक्त एकूण आकडे जमवले. नावांकडे वळण्याआधी हे करून घ्याच. जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर जुने छापील अहवाल फुकट मिळतात. ग्रॅहम काउंटीची हद्द 1867 मध्ये आखली गेली, अमेरिकी यादवी युद्धात चिकमॉगाच्या लढाईत 1863 साली पडलेल्या कॅप्टन जॉन ग्रॅहम यांचं नाव तिला मिळालं, पण कारभार सुरू झाला 1880 मध्ये. त्या वर्षी लोकसंख्या 4,258. 1900 ला 5,173, आणि पुढच्या दहा वर्षांत एकदम 8,700. मग 1930 ला 7,772, 1940 ला 6,071, 1950 ला 5,020. 1960 ला आकडा पुन्हा वर जाऊन 5,586 झाला आणि त्यानंतर प्रत्येक जनगणनेत उतरतच गेला. काउंटीचं क्षेत्रफळ जवळपास 900 चौरस मैल, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून जेवढे होतात त्याच्या चौपटीच्या आसपास. आज तिथे एका चौरस मैलात तीनसुद्धा माणसं भरत नाहीत.

हे आकडे मी एका मोठ्या कागदावर उतरवून भिंतीला लावले. पुढे कोणतंही नाव, कोणतीही तारीख सापडली की ती त्या कागदावर कुठे बसते ते आधी पाहायचं. कागदपत्रांच्या ढिगात हरवून जायला वेळ लागत नाही, या एका कागदाने मला जाग्यावर ठेवलं.

नोव्हेंबरपासून नावांच्या याद्या वाचायला घेतल्या. पैसे भरून वंशावळ शोधायची संकेतस्थळं जाहिराती फार करतात, पण सुरुवातीला त्यांची गरज नाही. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत खातं उघडलं की 1880 पासूनची बहुतेक पानं दिसतात. 1950 ची पानं तर राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. नाव टाकून शोधण्यापेक्षा मोजणी-विभागाचा, म्हणजे एका प्रगणकाच्या वाट्याला आलेल्या भागाचा, क्रमांक शोधून सलग पानं वाचावीत असं मला ठामपणे वाटतं. यंत्राने वाचलेली नावं पुष्कळदा चुकतात, आणि सलग वाचलं की शेजारी कोण राहत होतं हेही कळतं. 1950 च्या पानांत एक खूण लक्षात ठेवा: मोजणीच्या दिवशी घरी न सापडलेल्या माणसांची नोंद 71 क्रमांकापासून पुढच्या पानांवर असते. घर रिकामं दिसलं म्हणून तिथेच थांबू नका, त्या मागच्या पानांत जरूर पाहा. बंद दारांवर पुन्हा पुन्हा जाणारा प्रगणक मला त्या पानांत दिसला. त्या कामाचे कष्ट मला माहीत आहेत.

1890 पाशी आल्यावर वाट तुटते. त्या वर्षीचे कागद वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत होते. 10 जानेवारी 1921 रोजी तिथे आग लागली, आणि आगीतून आणि पाण्यातून जे वाचलं तेही पुढे नष्ट करण्यात आलं. सव्वासहा कोटींहून जास्त माणसांच्या नोंदींपैकी जेमतेम सहा हजार नावं उरली आहेत आणि त्यांत कॅन्ससचं पान नाही. हे वाचलं त्या संध्याकाळी मी लॅपटॉप मिटून ठेवला. ज्या वीस वर्षांत ही काउंटी उभी राहिली, त्याच वर्षांच्या मधोमध अंधार.

पण कॅन्ससची एक गोष्ट भाग्याची आहे. हे राज्य 1925 पर्यंत दर दहा वर्षांनी, पाचाने संपणाऱ्या वर्षी, स्वतःची वेगळी जनगणना करत असे. 1885, 1895, 1905 असे कागद शाबूत आहेत. जानेवारी 2023 मध्ये राजधानी टोपेकाला राज्याच्या इतिहास संस्थेत गेले. हेजहून तीन तासांचा रस्ता. ओळखपत्र दाखवून नाव नोंदवायचं, बॅग लॉकरमध्ये ठेवायची, आत फक्त पेन्सिल आणि कागद. आधी फोन करून वाचनालयाच्या वेळा विचारून घ्या आणि कोणत्या काउंटीचा, कोणत्या वर्षाचा मायक्रोफिल्म हवा ते लिहूनच जा. काउंटरवरच्या आजींनी मला यंत्रावर फिल्म चढवायला दाखवलं, आणि मी मोजणीचं काम केलंय हे कळल्यावर लोकसंख्येच्या पानांमागे शेतीची पानंही असतात, ती सोडू नका, असं आवर्जून सांगितलं. कोणाकडे किती एकर, कोणतं पीक, किती गायी, किती कोंबड्या, सगळं त्यांत होतं.

1885 च्या त्या पानांत एक रकाना आहे जो देशाच्या जनगणनेत नसतो: कॅन्ससला कुठून आलात. काउंटीतल्या निकोडेमस टाउनशिपचं, म्हणजे कारभारासाठी पाडलेल्या एका भागाचं, पान समोर आलं आणि त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत केंटकी, आणि खाली वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. पहिल्या ओळीत राज्याचं नाव नीट लिहिलेलं, पुढे फक्त दोन बारीक रेघा, घरामागून घर. मी बोटाने त्या रेघा मोजत खाली जात होते.

निकोडेमसबद्दल इथे थांबून सांगायला हवं, कारण ग्रॅहम काउंटीचा इतिहास त्याच्याशिवाय कळत नाही. गुलामगिरी संपून बारा वर्षं झाली होती. 1877 मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टन आणि जॉर्जटाउनच्या भागातून कृष्णवर्णीय कुटुंबं सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याकाठी निकोडेमस या नव्या वसाहतीत आली. आले तेव्हा तिथे घरं नव्हती. आधी आलेल्या लोकांनी जमिनीत खणलेल्या खोल्यांत संसार मांडले होते आणि दुरून फक्त जमिनीतून निघणारा धूर दिसत होता. काही कुटुंबं पाहताक्षणीच परत फिरली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूलनिवासी जमातीच्या लोकांनी अन्न दिलं म्हणून अनेकजण तगले. याच वसाहतीतले एडवर्ड मॅकेब काउंटीचे कारकून झाले आणि 1882 मध्ये राज्याचे ऑडिटर म्हणून निवडून आले. कॅन्ससमध्ये राज्यपातळीवरच्या पदावर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. पुढे 1888 मध्ये रेल्वे निकोडेमसला वळसा घालून नदीपलीकडून गेली, तिथे बोग गाव उभं राहिलं, आणि निकोडेमसची दुकानं एकेक करून तिकडे सरकली. 1953 मध्ये तिथलं टपाल कार्यालयही बंद झालं.

1880 च्या यादीतली काही कुटुंबं घेऊन मी मागे जाऊ लागले. 1870 च्या केंटकीच्या पानांत ती सापडली, नाव, वय, सगळं जुळलं. त्याआधी 1860 ला गेलं की नावंच नाहीत. गुलाम माणसांच्या वेगळ्या याद्या आहेत, त्यांत वर मालकाचं नाव आणि खाली फक्त वय, लिंग, रंग. चौतीस वर्षांची स्त्री. बारा वर्षांचा मुलगा. ज्या बाईचं नाव, मुलांची नावं, गायींची संख्या मी टोपेकाला वाचून आले होते, ती तिथे असलीच तर अशा एखाद्या अंकात आहे. मी स्वतः माणसं मोजली आहेत, प्रत्येकाचं नाव विचारून. त्या रात्री मला झोप लागली नाही. असा शोध घेणार असाल तर तो एकट्याने सलग बसून करू नका, एवढं मनापासून सांगते.

फेब्रुवारीत जमिनीकडे वळले. 1862 च्या होमस्टेड कायद्याने जवळपास कोणालाही, कुटुंबप्रमुख बाईलासुद्धा, 160 एकर सरकारी जमीन मिळू शकत होती. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची, शेवटी दोन साक्षीदार आणायचे. शुल्क सगळं मिळून 18 डॉलरच्या आसपास. जमीन नावावर झाल्याचा दस्त भूमी व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो, डाउनलोडही करता येतो. पण तो दस्त नुसती शेवटची पावती आहे. खरी माहिती त्या दस्तामागच्या प्रकरणात, म्हणजे दाव्याच्या कागदांच्या फाइलमध्ये, असते आणि ते प्रकरण राष्ट्रीय अभिलेखागाराकडून मागवावं लागतं.

इथे बऱ्याच जणांची पावलं अडतात, म्हणून तपशील देते. संकेतस्थळावर खातं उघडून जमीन-प्रकरणाची मागणी नोंदवायची. त्यासाठी राज्य, भूमी कार्यालयाचं नाव, दस्तावरचा अंतिम प्रमाणपत्र क्रमांक आणि जमिनीचं वर्णन लागतं. निकोडेमसच्या सुरुवातीच्या लोकांचं भूमी कार्यालय कर्विनला होतं, नंतरच्या काहींचं वाकीनीला. वर्णन सेक्शन, टाउनशिप, रेंज असं असतं. सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, 640 एकर, आणि त्याचा चौथा भाग म्हणजे एका कुटुंबाचे 160 एकर. छत्तीस सेक्शनांची एक टाउनशिप, आणि ग्रॅहम काउंटी अशा पाच बाय पाच टाउनशिपांची बनली आहे. मोजणीची ही चौकोनी टाउनशिप वेगळी आणि कारभाराची, नावाची टाउनशिप वेगळी. मागणीत पहिलीच लिहायची. मी मागवली तेव्हा एका प्रकरणाचे 50 डॉलर पडले, कार्डाने आधी भरायचे. कागदी प्रतीऐवजी डिजिटल प्रत घ्या, जुनं अक्षर मोठं करून वाचता येतं. मार्चमध्ये नोंदवलेली मागणी जूनच्या अखेरीस हातात आली.

कोणाचं प्रकरण मागवलं ते नाव लिहीत नाही, त्यांचे वंशज आहेत. पानं उघडली तेव्हा आधी वर्तमानपत्रातलं कात्रण दिसलं: अमुक माणूस आपला हक्क सिद्ध करणार आहे, कोणाची हरकत असेल तर यावं. मग छापील प्रश्न आणि हाताने लिहिलेली उत्तरं. घर कसलं? गवताच्या ढेपळांचं, एक दार, एक खिडकी. विहीर? आहे, पाणी खोल. किती एकर नांगरली? कुटुंबात कोण? मधल्या काळात किती दिवस बाहेर होतात? याचं उत्तर मी परत परत वाचलं: दरवर्षी काही महिने मजुरीसाठी गावाबाहेर, बायको आणि मुलं दाव्याच्या जमिनीवरच राहिली. सहीच्या जागी फुलीची खूण आणि तिच्या दोन्ही बाजूंना लेखनिकाने लिहिलेलं नाव. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या गावांत प्रगणकाला नेमकं असंच उत्तर मिळतं, फक्त तिथे बायकोही कोयता घेऊन बरोबर गेलेली असते.

जुलैत हिल सिटीच्या न्यायालयाच्या इमारतीत गेले. दस्त नोंदणीचं कार्यालय तिथे असतं आणि कोणालाही वह्या पाहता येतात, वकील लागत नाही. जाण्याआधी फोन करून कोणता सेक्शन पाहायचा ते सांगून ठेवा, फोटो काढायची परवानगी विचारा, आणि प्रतीसाठी सुटे पैसे जवळ ठेवा. जमिनीच्या क्रमाने लावलेली नोंदवही मागा, नावांच्या क्रमाची नको. ती वही टेबलावर आडवी उघडावी लागते इतकी मोठी. एका चौकोनासाठी एक पान. मी मागवलेल्या प्रकरणातल्या 160 एकरांच्या पानावर पहिली ओळ सरकारी दस्ताची. मग गहाण. गहाण फेडलं. पुन्हा गहाण. मग मुलांच्या नावे. मग 1930 च्या दशकात शेरीफने, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाने, लिलावात दिल्याची नोंद, आणि त्याच्या थोडं खाली तेल आणि वायूच्या भाडेपट्ट्याची.

भिंतीवरचा कागद मला त्या एका पानावर वाचता आला. 1910 पर्यंतची चढण म्हणजे बऱ्या पावसाची वर्षं आणि गहू. पण इथे वर्षाला वीस-बावीस इंच पाऊस, 160 एकरांत कोरडवाहू शेती करून कुटुंब पोसणं फार थोड्यांना जमलं. मग धुळीची वादळं आणि मंदी. ट्रॅक्टर आणि कम्बाइन, म्हणजे कापणी-मळणी यंत्र, आल्यावर एक कुटुंब शेजारच्या कित्येक कुटुंबांची जमीन कसू लागलं. जमीन पडीक पडली नाही, गहू आजही तिथे होतो, त्याला माणसंच कमी लागतात. काउंटी मेली असं म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही.

गेलेले कुठे गेले हे शोधायला 1940 ची जनगणना सोन्यासारखी आहे. त्या वर्षी प्रत्येकाला विचारलं होतं: 1 एप्रिल 1935 रोजी तुम्ही कुठे राहत होता? फॅमिलीसर्चवर 1935 च्या वास्तव्याच्या रकान्यात ग्रॅहम, कॅन्सस टाकून दुसऱ्या राज्यांत शोधता येतं. कोलोरॅडोत, कॅलिफोर्नियात घरंच्या घरं सापडली. नवऱ्याचा व्यवसाय शेतीऐवजी मजूर, ट्रकचालक, कॅनिंगच्या कारखान्यात कामगार. 2023 चा अख्खा हिवाळा मी यातच घालवला आणि सगळ्यात जास्त शिकले ते इथेच.

वर्तमानपत्रांबद्दल थोडक्यात. कॅन्ससचा वाहनपरवाना असेल तर राज्याची जुनी वर्तमानपत्रं ऑनलाइन फुकट वाचता येतात, परवान्याचा क्रमांक टाकून ओळख पटवायची. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा मोफत संग्रह कोणालाही खुला आहे. तारीख हातात असेल तरच तिकडे जा, नाहीतर दिवस जातो.

निकोडेमसला मी सगळं वाचून झाल्यावर, जुलै 2024 च्या शेवटच्या शनिवार-रविवारी गेले. 1996 पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, प्रवेश मोफत. 1939 मध्ये बांधलेल्या टाउनशिप हॉलमध्ये माहिती केंद्र आहे. जुलैच्या अखेरीस देशभरातले वंशज तिथे जमतात, मिरवणूक निघते, जेवणं होतात. पाहुण्यांनाही बसवून घेतात. एका आजोबांना मी काय वाचते आहे ते सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘आमच्या घराण्याची 1870 ची नोंद मिळाली का?’ मिळाली होती. मोबाइलवर दाखवली आणि दुसऱ्या आठवड्यात छापून टपालाने पाठवली.

गावाची 2020 ची लोकसंख्या 14 अशी नोंदली आहे. हा आकडा कुठे वापरणार असाल तर जपून वापरा. 2020 मध्ये गोपनीयतेसाठी राज्याच्या एकूण संख्येखालच्या आकड्यांत मुद्दाम थोडा फरक मिसळला गेला आहे. काउंटीच्या पातळीवर तो किरकोळ, पण एवढ्या लहान वस्तीत दोन-चार माणसं इकडची तिकडे म्हणजे बरंच.

खर्चाचं म्हणाल तर मोठी रक्कम जमीन-प्रकरणाचीच, बाकी पेट्रोल, प्रती आणि टोपेकाचा एक मुक्काम. पैसे भरायचं संकेतस्थळ शेवटी एकच महिना घेतलं, 1940 च्या काही नोंदी पडताळायला. बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत ते तिथल्या संगणकावर फुकट वापरता येतं, आधी विचारून घ्या.

एक कोडं अजून उरलं आहे. 1930 नंतर ही काउंटी फक्त एकदाच वाढली, 1950 ते 1960 च्या दरम्यान, साडेपाचशेहून जास्त माणसांनी. मला वाटतं तेलाच्या विहिरींवर आलेली कुटुंबं असावीत. नोंदवहीतले भाडेपट्टे तिकडेच बोट दाखवतात. ती कुठून आली, कोणत्या घरांत उतरली, हे नावानिशी कळायला 1960 ची पानं लागतील, आणि ती एप्रिल 2032 मध्ये खुली होतील. तोपर्यंत हिल सिटीच्या नोंदवहीतले 1940 नंतरचे सगळे तेल-भाडेपट्टे उतरवून ठेवायचं ठरवलं आहे. पूर्वेकडच्या टाउनशिपांचे झाले आहेत.